दुसऱ्याच्या माळ्यावरची आवराआवर

नोएडाची जानेवारीतली थंडी सोलापूरच्या माणसाला काय करायला लावेल सांगता येत नाही. शहाणी माणसं हीटर घेतात. मी २०२४च्या जानेवारीत लिनक्स कर्नलचं दस्तऐवजीकरण हाती घेतलं.

कर्नलच्या कोडमध्ये 'लिब' नावाचं एक फोल्डर आहे. मालक कुणी एक नाही, पण लागतं सगळ्यांना, असा माल तिथे असतो. क्रमवारी लावणारा कोड, सीआरसी-३२, रेड-ब्लॅक ट्री, अक्षरं कॉपी करणारी फंक्शनं. वाड्यातला सामायिक माळाच म्हणा. तो आवरायला निघालेल्या माणसाच्या स्वतःच्या खणात भाडेकरार, जुने चार्जर आणि क्रोसिनची रिकामी पाकिटं सुखाने नांदत होती, हा भाग वेगळा.

कर्नल-डॉक पद्धत मला मनापासून आवडते. माहिती वेगळ्या फाइलीत न कोंबता फंक्शनच्या डोक्यावरच लिहायची; तिथून एक स्क्रिप्ट ती उचलते आणि स्फिंक्स तिची देखणी पानं करतं. अट एवढीच की टिप्पणीची सुरुवात तिरक्या रेघेने आणि दोन तारकांनी व्हायला हवी. मी काटकसरी घरातला, एकच तारका दिली. एका तारकेची टिप्पणी ती स्क्रिप्ट बघतही नाही आणि कुरकुरतही नाही. 'मेक एचटीएमएलडॉक्स' चालवलं की लॅपटॉप असा तापायचा की मी त्यावर हात शेकायचो. पानं तयार व्हायची, त्यांत माझं लिखाण नसायचं. मी आधी पायथनवर संशय घेतला, मग नोएडाच्या विजेवर. तारकांवर शेवटी.

मग कॉपीवाल्या फंक्शनांकडे वळलो. हे घराणं मोठं विचित्र. स्ट्रकॉपी जागा किती आहे ते न बघता ओतत सुटतं. स्ट्रएनकॉपी जागा बघतं, पण भांडं काठोकाठ भरलं तर मजकूर संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य लावत नाही. स्ट्रएलकॉपी ते लावतं, मात्र चार अक्षरं हवी असली तरी मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचतं, कारण त्याची पूर्ण लांबी परत सांगायची असते. २०१५ साली, ४.३ आवृत्तीत स्ट्रएसकॉपी आलं आणि नव्या कोडसाठी तेच वापरा असा आग्रह सुरू झाला. मला दया आली ती स्ट्रएलकॉपीची. त्याच्यावर मी असा परिच्छेद लिहिला की वाचणाऱ्याचे डोळे पाणावावेत.

खालच्या मजल्यावरचे अंकल लिफ्टमध्ये विचारायचे, "बेटा, इसमें पैकेज कितना है?" फुकट करतो म्हटल्यावर ते काळजीने माझ्या बायकोकडे बघायचे.

माझ्या बदलांच्या पॅचचा गठ्ठा मेलने पाठवला आणि उत्तराची वाट बघत बसलो. उत्तर येईना. मौन म्हणजे संमती, असं धरून मी घरात जिलेबी आणली. प्रत्यक्षात मर्ज विंडो उघडली होती. त्या दोन आठवड्यांत सांभाळकर्ते आधीच तयार असलेलं काम मुख्य कर्नलमध्ये पाठवण्यात गुंतलेले असतात. नवख्याचा पॅच तेव्हा कोण उघडणार? ती विंडो कधी उघडते हे कर्नलच्याच दस्तऐवजात लिहिलेलं आहे. दस्तऐवज लिहायला निघालेला माणूस दस्तऐवज वाचत नाही, हे मात्र कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

पुढे उत्तर आलं. माझ्या मेलने सगळ्या टॅबच्या स्पेस करून टाकल्या होत्या, त्यामुळे पॅच लागतच नव्हते. शिवाय स्ट्रएलकॉपी म्हणाल तर ६.८ आवृत्तीसाठी त्याच मर्ज विंडोत ते कर्नलमधून काढून टाकलं गेलं होतं. मी मृत्युलेख लिहिला होता, तोही दीर्घायुष्य चिंतून.

टॅब सुधारून पुन्हा पाठवलेल्या गठ्ठ्यातला एक पॅच मात्र स्वीकारला गेला. एका जुन्या टिप्पणीत 'द द' असं दोनदा पडलं होतं, त्यातला एक 'द' मी खोडला होता.

लिफ्टमध्ये अंकल भेटले. "तो बेटा, अब तक कितना लिखा?"

"अंकल, माइनस एक शब्द."

"चलो," ते म्हणाले, "शुरुआत तो हुई."