डेप्युटीसाहेबांचं धरण

सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या इंजिनिअरला फार दिवस मोकळं ठेवू नये. तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे वळतो. आमचे डेप्युटीसाहेब वळलेच होते. टाकीची क्षमता किती, मोटार कधी लावायची, कुठल्या मजल्याला किती मिनिटं पाणी, याचं त्यांनी ‘आवर्तन’ ठरवलं, जिन्यात तक्ता चिकटवला आणि तळमजल्यावरच्या गरीब माणसाला ‘टेलचा लाभधारक’ म्हणायला सुरुवात केली. शेवटी सेक्रेटरीनं त्यांच्या नातवाला पार्किंगमध्ये गाठलं. म्हणाला, “बाबा रे, आजोबांना काहीतरी खेळायला दे.”

नातवानं दिलं. तेव्हापासून आमच्या टाकीला सुख आहे.

साहेब पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. खात्याचं नाव बदलून जलसंपदा झालं, पण ते अजून इरिगेशनच म्हणतात. सगळी नोकरी दुसऱ्यानं काढलेल्या नकाशाखाली सही करण्यात गेली. एखादं आख्खं धरण आपल्या मनानं, आपल्याला हवं तिथं, आपल्याला हवं तेवढं उंच बांधावं, हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण फिरायला गेल्यावर ओढा दिसला की पुलाच्या कठड्याशी थांबून दोन्ही काठांकडे एक डोळा मिटून बघायचे. वहिनी तोवर पुढे निघून गेलेल्या असायच्या.

आता नातवानं दिलेल्या कॉम्प्युटरवरच्या खेळांविषयी. सँडबॉक्स म्हणतात ते खेळ जिंकायचे नसतात. एक जग हातात देतात: माती, लाकूड, पाणी, दगड. त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा. या सगळ्यांचा थोरला भाऊ म्हणजे माइनक्राफ्ट. स्वीडनमधल्या एका प्रोग्रॅमरनं 2009 मध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला, 2011 मध्ये पुरा केला, आणि 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती सगळी कंपनी अडीच अब्ज डॉलरला उचलली. तीस कोटींच्या वर प्रती खपल्या आहेत. साहजिकच नातवानं सुरुवात तिथून केली.

साहेबांनी माइनक्राफ्ट पाऊण तास सहन केला. आधी झाड तोडलं. बुंधा गेला तरी शेंडा हवेत तसाच. साहेब काही बोलले नाहीत. मग नातवानं मोठ्या कौतुकानं पाण्याची युक्ती दाखवली: दोन बाय दोनचा खड्डा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली पाणी ओतायचं, आणि मग त्यातून जन्मभर बादल्या भरल्या तरी खड्डा भरलेलाच.

“पाणलोट क्षेत्र किती?” साहेबांनी विचारलं.

“आजोबा, पाणलोट नाही. असंच येतं.”

“असंच येतं म्हणजे? येवा कुठून?”

“येवा नाही, आजोबा.”

“मग या खेळात इरिगेशन खात्याला कामच नाही,” असं म्हणून साहेबांनी लॅपटॉप मिटला. दोन बादल्यांत दुष्काळ संपतो, ही कल्पना त्यांना शास्त्राला सोडून तर वाटलीच, पण थोडी अपमानास्पदही वाटली असावी.

नातू चिवट. त्यानं एकेक नवा खेळ आणून दाखवायला सुरुवात केली, आणि साहेबांनी एकेक खेळ संबंधित विभागाकडे वर्ग केला. ‘सिटीज: स्कायलाइन्स 2’ ऑक्टोबर 2023 मध्ये आला. फिनलंडमधल्या कंपनीचा, अख्खं शहर वसवायचं. सुरुवातीला भल्याभल्यांचे कॉम्प्युटर त्यापुढे धापा टाकायला लागले, तेव्हा खेळणाऱ्यांनी खोदून पाहिलं. कारणं बरीच होती, पण शहरातल्या नागरिकांच्या बंद तोंडातले दातसुद्धा निर्मात्यांनी तपशीलवार घडवलेत हेही त्यात निघालं. साहेबांनी रस्ते, गटारी आणि कचरा पाहिला आणि शेरा मारला, “हे नगरपालिकेचं काम. आपल्या अखत्यारीत येत नाही.” 

मग ‘सॅटिस्फॅक्टरी’. परग्रहावर जाऊन कारखाने उभे करायचे. स्वीडिश कंपनीनं सप्टेंबर 2024 मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती काढली. नातवाचा जीव यात अडकलेला. लोखंडाच्या खाणीपासून निघालेले सरकते पट्टे एकमेकांच्या डोक्यावरून, बगलेतून, पोटाखालून जातात आणि शेवटी कुठला पट्टा कुठून आला हे बांधणाऱ्यालाही सांगता येत नाही. खेळणारे या गुंत्याला स्पॅगेटी म्हणतात. साहेब बराच वेळ पाहत राहिले. “मेकॅनिकल विंग,” एवढंच म्हणाले. सिव्हिलच्या माणसानं मेकॅनिकलविषयी याहून जास्त बोलायचं नसतं.

खरा पेच ‘टायनी ग्लेड’नं टाकला. हा स्वीडनमधल्या दोघांनीच मिळून केलेला खेळ, तोही सप्टेंबर 2024 चाच. यात शत्रू नाही, पैसा नाही, वेळ नाही, काही मिळवायचं नाही. छोटे वाडे बांधायचे, भिंती वळवायच्या, मेंढ्या दिसल्या तर कुरवाळायच्या. भिंतीला आडवी पायवाट ओढली की खेळ स्वतःच तिथे कमान काढून देतो. वहिनी मागून बघत होत्या, त्या हरखल्या. साहेबांचा चेहरा मात्र उतरला.

“कमान आपोआप आली?”

“हो ना! किती गोड!”

“डिझाइन कुणी केलं? सीडीओला दाखवलं का?”

धरणांची संकल्पचित्रं करणारं सीडीओ आमच्या नाशकातच आहे, आणि त्यांची मंजुरी आल्याशिवाय साहेबांनी आयुष्यात मोरीसुद्धा बांधली नाही. टायनी ग्लेड वहिनींच्या वाट्याला गेला. त्यांनी दुपारच्या वेळात बांधलेलं एक गढीवजा घर मी पाहिलंय. खरोखर देखणं आहे. साहेब त्याला ‘विनापरवाना’ म्हणतात.

आणि मग एके दिवशी नातवानं ‘टिंबरबॉर्न’ लावून दिला.

पोलंडमधल्या मंडळींचा हा खेळ 2021 च्या सप्टेंबरपासून, अजून घडत असतानाच, लोकांच्या हातात आला. गोष्ट अशी की माणूसजात स्वतःच्या कर्मानं संपली आहे, आणि पृथ्वी बीव्हर नावाच्या प्राण्याकडे आली आहे. चपट्या शेपटीचा, दातांनी झाडं पाडून ओढ्याला बांध घालणारा हा प्राणी युरोप-अमेरिकेत खराच असतो. खेळात एक नदी आहे, काठावर बीव्हरांची वस्ती आहे, आणि काही दिवसांनी दुष्काळ येतो. नदी आटते. पाण्याकाठची हिरवी जमीन तपकिरी होत जाते, गाजरं वाळतात. तुम्ही वेळेत पाणी अडवलं असेल तर वस्ती जगते. नाहीतर नाही.

साहेबांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

यात येवा होता. यात बाष्पीभवनसुद्धा होतं! पसरट, उथळ तळं केलं तर पाणी लवकर उडून जातं, अरुंद आणि खोल केलं तर टिकतं. साहेब उठून स्वयंपाकघरात गेले आणि वहिनींना म्हणाले, “बघ, मी तुझ्या वडिलांना सांगत होतो ते हेच. तुमचा नाथसागर उथळ.” वहिनींचं माहेर पैठणचं, म्हणजे जायकवाडीच्या त्याच जलाशयाच्या काठचं. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण त्यांनी ते लक्षात ठेवलं.

इथवर सगळं ठीक होतं. साहेबांसारख्या माणसाची खरी ओळख पुढे पटते. ज्या खेळात कुणाची परवानगी लागत नाही, त्यात त्यांनी पहिल्याच आठवड्यात परवानगीची पद्धत सुरू केली. पुठ्ठ्याच्या बांधणीची लांब नोंदवही आली. डावीकडे विषय, उजवीकडे टिपणी, खाली हिरव्या शाईत सही. लेव्ही नावाचा भरीव बांध एक ठोकळा जरी लांबवायचा झाला तरी आधी अंदाजपत्रक: ओंडके इतके, फळ्या इतक्या, बीव्हर इतके. बांधून झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद. नातू सांगत होता, “आजोबा, माऊसनं नुसतं ओढायचं, तेच बांधतात.” साहेब म्हणाले, “म्हणूनच नोंद पाहिजे. उद्या कुणी विचारलं तर?”

कोण विचारणार? माणूसजात संपलेली आहे. पण ऑडिट कुठूनही येऊ शकतं.

पहिला दुष्काळ निभावला. दुसरा लांबला आणि पाणी कमी पडलं, तेव्हा धरणाची उंची वाढवणं आलं. इथे साहेब अडले. मूळ मान्यतेपेक्षा काम वाढलं म्हणजे सुप्रमा घ्यायला हवी. सुधारित प्रशासकीय मान्यता. ती स्वतःची स्वतःला कशी देणार? चार दिवस खेळ थांबवून ठेवला होता. बीव्हर पडद्यावर एक पाय उचललेल्या अवस्थेत उभे. शेवटी वहिनींची वित्त विभाग म्हणून नियुक्ती झाली आणि त्यांनी कणिक मळलेल्या हातानं सही केली.

मी एकदा गमतीनं म्हटलं, “साहेब, चार दिवसांत सुप्रमा म्हणजे विक्रमच.” ते गंभीरपणे म्हणाले, “निळवंड्याचं बघा ना.” निळवंडे धरणाला मान्यता 1970 ची, खर्च तेव्हा आठ कोटींच्या आत. डाव्या कालव्याचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झालं ते ऑक्टोबर 2023 मध्ये, आणि खर्च तोवर पाच हजार कोटींच्या पुढे गेला होता. साहेब त्या कामावर कधी नव्हते, पण खात्याच्या बाजूनं बोलणं हा त्यांचा धर्म आहे. “बीव्हरांना भूसंपादन नाही, पुनर्वसन नाही, स्थगिती नाही, निवडणूक नाही,” ते म्हणाले. “त्यांनी बांधलं यात नवल काय?”

खेळात बीव्हरांचे कामाचे तास ठरवता येतात. बहुतेक लोक ते चांगले ताणून ठेवतात. साहेबांनी ते आठावर आणले, आणि नोंदवहीत कार्यालयीन वेळ लिहिली: पावणेदहा ते सव्वासहा, जेवणाच्या सुट्टीसह. बंधारा अर्धवट असताना दुष्काळ आला. पण बीव्हर खूश होते. संध्याकाळी शेकोटीभोवती बसलेले दिसायचे.

पुढचा प्रसंग घडला तो पाणीवाटपावरून. वस्ती वाढली तशी साहेबांनी नदीच्या खालच्या अंगाला दुसरी वसाहत उभी केली. वरच्या धरणाला दारं बसवली. ती अर्ध्या अर्ध्या पायरीनं वर-खाली होतात. दुष्काळ लागला आणि साहेबांनी दारं घट्ट लावली. वर पाणी तुडुंब, खाली नदीचं पात्र कोरडं. खालचे बीव्हर तहानेनं मरायला लागले.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

“खाली पाणी सोडा.”

“अगं, नियमानं सोडता येतं. मेंढेगिरी समितीचं सूत्र आहे. 15 ऑक्टोबरला खालचा साठा 65 टक्क्यांच्या आत असेल तर...”

“त्यांच्यात ऑक्टोबर आहे का?”

नव्हता. साहेब गप्प झाले. नगर-नाशिकची धरणं आणि जायकवाडी यांच्यातलं हे भांडण आमच्याकडे दर दुष्काळात पेटतं. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा 2005 चा, पण कोर्टकचेऱ्या त्यानंतरही चालूच राहिल्या. त्या दिवशी ते सगळं डेप्युटीसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत उतरलं होतं. साहेब म्हणाले, वरच्यांची गाजरं उभी आहेत, आधी त्यांचं आवर्तन. वहिनी म्हणाल्या, इथं गाजरं आणि तिथं जीव? साहेब म्हणाले, सोडलेलं निम्मं पाणी वाटेतच जिरेल. त्यावर वहिनींनी चहाचा कप, जसा आणला होता तसा, परत नेला.

संध्याकाळपर्यंत घरातली सगळी आवर्तनं बंद होती. रात्री साडेआठला साहेबांनी दारं दीड पायरी उघडली आणि वहीत नोंद केली: ‘वित्त विभागाच्या तोंडी सूचनेनुसार.’ मी ती नोंद स्वतः पाहिली आहे. शेजारी वहिनींनी पेन्सिलीनं ‘पाहिले’ असं लिहिलंय.

साहेबांची आता एकच तक्रार उरली आहे: या खेळात गाळ नाही. धरण बांधलं की जन्मभर तेवढंच खोल. त्यांनी पोलंडच्या निर्मात्यांना रीतसर पत्र लिहून ठेवलंय. विषय: जलाशयातील गाळाबाबत. संदर्भ: निरंक. नातवानं त्याचं इंग्रजी करायचं कबूल केलंय, पण ‘उपरोक्त विषयान्वये’पाशी येऊन तो थांबलाय.

लहान मुलं या खेळांत राजवाडे बांधतात, तरुण पोरं कारखाने काढतात, आणि ज्याच्या हातून चाळीस वर्षं फायली गेल्या तो तिथंही फाईलच उघडतो. मला यात साहेबांचं काही चुकलंय असं वाटत नाही. आमच्या इमारतीत या खेळाचा सगळ्यात जास्त आनंद त्यांनीच घेतलाय, आणि सहाव्या दुष्काळानंतरही त्यांच्या दोन्ही वसाहती जिवंत आहेत.

तुमच्या घरात असं कुणी नुकतं निवृत्त झालं असेल, तर टाकीकडे जायच्या आत त्यांना टिंबरबॉर्न लावून द्या. आवडला नाही तरी बिघडत नाही. स्टीमवर घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे मागून परत करता येतो. खेळायचं कसं ते मात्र नातवाला विचारा. डेप्युटीसाहेब अर्ज मागतात, तोही तीन प्रतींत.