दुकानाचे आयटी धोरण भाच्यावर सोपवण्याची सोपी रीत

सर्वप्रथम भाचा शोधावा. सालेकसात तुमचे हार्डवेअरचे दुकान असो, खताचे असो, नाहीतर लहानशी राईस मिल असो. बारावीनंतर संगणकाचा कोर्स केलेला एखादा भाचा घरात असतोच. त्याला बोलावून "तुला बरं वाटेल ते घे" एवढे सांगावे. धोरण झाले. पुढची माहिती फक्त चौकस वाचकांसाठी आहे.

भाचा गोंदियाहून संगणक आणेल, प्रिंटर आणेल, टॅली टाकून घेईल. हिशेब कुणी पाहू नये म्हणून तो टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावेल. हा पासवर्ड कुठेही लिहून ठेवू नये. तो विसरला तर परत मिळवण्याची सोयच ठेवलेली नाही, त्यामुळे हिशेब इतका गुप्त राहतो की मालकालाही दिसत नाही. मग भाच्याला पुण्यात नोकरी लागते. फोन केला की म्हणतो, "मामा, मीटिंगमध्ये आहे."

जीएसटीची नोंदणी कर सल्लागाराकडून करून घ्यावी आणि मोबाईल नंबर, ईमेलही त्याचाच देऊन टाकावा. १ जुलै २०१७ला हा कर आला, तेव्हापासून ही रीत अनेकांनी मनोभावे पाळली आहे. ओटीपीची कटकट आपल्याकडे येत नाही. पुढेमागे सल्लागाराशी बिनसले आणि लॉगिनही त्याच्याकडेच राहिले, तर नंबर बदलायला कागद घेऊन कर अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते. तेवढीच रेल्वेने गोंदियाची फेरी होते.

आता आपल्या तालुक्याचा खास धडा. गोंदियाला माल पाठवला, तर राज्यातल्या राज्यात १ लाख रुपयांपर्यंत ई-वे बिल लागत नाही. तोच माल दरेकसा ओलांडून डोंगरगडला निघाला की छत्तीसगड लागते, मर्यादा ५० हजारांवर येते आणि बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी जाऊन आयजीएसटी बसतो. कंपोझिशन योजना घेतली असेल, तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर घेताना, योजना निवडताना "आपलं गिऱ्हाईक कुठलं?" असले प्रश्न काढू नयेत. ७० हजारांचे पत्रे पिकअपवर चढले, दोर आवळून झाला, ड्रायव्हरने बिडी विझवली, की मग विषय काढावा. गाडीचा नंबर ई-वे बिलाच्या 'भाग ब'मध्ये टाकायचा असतो. नेमके तेव्हाच "नेट चालूनच नाही राहिलं, भाऊ" असे ऐकू येते. मोबाईलवरून नेट द्यावे म्हटले, तर कुणाचे रिचार्ज कालच संपलेले असते.

तांदूळवाल्यांसाठी थोडे जास्त. १८ जुलै २०२२पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशवीवर ५ टक्के कर आहे. सुटा तांदूळ आणि त्याहून मोठे पोते करमुक्त. बाजारात २६ किलोची पिशवी कुठून उगवली, हे यावरून कळावे. म्हणजे एकाच तांदळाच्या संगणकात दोन नोंदी हव्यात. भाच्याने एकच केलेली असते : 'चावल'. त्यामुळे कधी पोत्यावर कर लागतो, तर कधी पिशवी सुटते. वर्षअखेरीस दोन्ही चुका एकमेकींना फेडून घेतील, असा विश्वास ठेवावा.

गंमत अशी की हाच मालक बारदाना मोजून घेतो. सरकारी धानाच्या भरडाईत क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ द्यायचा आहे हे त्याला झोपेतही आठवते, कोंडा-कणकीचे भाव तोंडपाठ असतात. तिथे तो भाच्याला विचारायला जात नाही. मशीनचा पट्टा तुटेल हे धरून जादा पट्टा भिंतीला टांगलेला असतो. संगणकातल्या हिशेबाची जादा प्रत मात्र नसते. असलीच तर 'सी' ड्राइव्हमधली 'डी'मध्ये ठेवलेली. डबा तोच, आणि पावसाळ्यातली वीजही तीच.

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. तेव्हा गिऱ्हाइकांची रीघ लागली असताना पैसे आल्याचे सांगणारा डबा मुका झाला, तर काय करायचे हे आधी ठरवू नये. मजा जाते.

ज्यांना भाचाच नाही, त्यांच्यावर मात्र एक दुपार घालवण्याची पाळी येते. वहीच्या एका पानावर लिहावे लागते : कुठला पासवर्ड कुणाकडे, ओटीपी कुणाच्या फोनवर, माल कुठल्या राज्यात, नेट गेले तर हाताने लिहून बिल कोण फाडणार. पान तिजोरीत ठेवायचे. शनिवारी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन घरी न्यायची आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर ती उघडते का ते पाहायचे. उघडली नाही तर निदान ५ तारखेला कळते. २० तारखेच्या रात्री, जीएसटीआर-३बी भरायला तासभर उरला असताना नव्हे.