सोमवारपासून ताप

इंग्रजीच्या वहीत प्रत्येक गाव नदीकाठी असतं. झाडांवर पक्षी किलबिलतात, माणसं साधीभोळी असतात आणि शेवटी 'आय लव्ह माय व्हिलेज व्हेरी मच' असतं. शेजारच्या सातवीतल्या पोरानं आमच्या इच्छापोर गावावर हेच लिहून आणलं. (त्याची आई मला भाऊ म्हणते, म्हणून मी मामा.) मी खिडकीबाहेर पाहिलं. हजिरा रोडवर टँकरमागे टँकर उभे. तिकडे पोलाद, खत, गॅस सगळं होतं; त्या हॉर्नमध्ये किलबिलणार कोण?

"अरे, इथं हिऱ्यांचा जेम अँड ज्वेलरी पार्क आहे. त्यावर लिही की."

"मामा, ज्वेलरीचं स्पेलिंग अवघड आहे. रिव्हरचं सोपं."

यावर मी गप्प बसलो. स्पेलिंग येतं त्याच गावात राहणारे मोठे लेखकही मला ठाऊक आहेत.

खरी पंचाईत क्रियापदाची. घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. तिन्हीकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी निवांत येतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ हजर लागतं. म्हणून मी सांगितलं, आधी कोण, मग काय केलं, बाकीचं नंतर. आणि वाक्य एका श्वासात संपव. त्यानं लिहिलं, 'काऊ सिट्स ऑन रोड. टँकर वेट्स.' 'द' राहिला होता, पण गाव इच्छापोरच होतं.

मग अर्ज आला. अमळनेरला मावसबहिणीचं लग्न, दोन दिवस सुट्टी हवी. गाइडमधला पाठ असलेला अर्ज मात्र एकच, आजारपणाचा. त्यामुळे शुक्रवारीच त्यानं लिहिलं की मला सोमवारपासून ताप येणार आहे. 'रिस्पेक्टेड सर' जागच्या जागी, स्वल्पविरामसुद्धा चोख. सुट्टी मंजूर झाली!

"भाऊ, मायना बरोबर आहे ना, मग झालं," त्याची आई म्हणाली.

मायन्याचं महत्त्व आमच्या भागाला जुनंच. 1608 साली विल्यम हॉकिन्स इथंच, तापीच्या मुखाशी, जहाजातून उतरला. जवळ इंग्लंडच्या राजाचं मुघल बादशहाला पत्र, म्हणजे व्यापाराच्या परवानगीचा अर्जच. पत्र स्पॅनिशमध्ये होतं. आग्र्याला जहांगीरच्या दरबारात एका म्हाताऱ्या जेझुइट पाद्र्यानं ते वाचलं आणि शेरा मारला: भाषा हलकी, 'महाराज' शब्दच गाळलाय! राजाच्या अर्जावर लाल शाई. हॉकिन्सनं बाजू सावरली, कारण त्याला तुर्की येत होती आणि बादशहालाही. इंग्रजीची गरजच पडली नाही.

पोरानं हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकलं.

"मग त्याला किती मिळाले?"

"चारशे. घोडेस्वारांची मनसब."

"कितीपैकी?"