पद एकच, प्रभारी

विद्यापीठातलं सर्वात टिकाऊ पद कोणतं? प्रभारी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये कुलगुरू, प्र-कुलगुरू, अधिष्ठाता, कुलसचिव अशी पदांची भरघोस यादी आहे. प्रभारी हे वेगळं पद त्यात नाही, पण भरलेलं सापडतं ते तेच. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, कुलगुरू रजेवर गेले, तेव्हा १८५७ सालच्या या विद्यापीठाचा कार्यभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे सोपवला गेला. दोन विद्यापीठं, एक माणूस! काटकसर म्हणतात ती हीच.

कायम पदांच्या जाहिराती निघत नाहीत असं नाही. निघतात, मग शुद्धिपत्रक निघतं, मग मुदतवाढ, मग बिंदुनामावलीची फेरतपासणी, आणि तेवढ्यात आचारसंहिता लागते. तोवर वर्गावर उभा असतो तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. नेट, सेट, पीएच.डी. सगळं खिशात, फक्त पगार नाही. सुट्टी लागली की मानधनालाही सुट्टी. प्लंबरही कामाच्या हिशोबानेच पैसे घेतो, पण नळ दुरुस्त करण्याआधी त्याच्याकडे कोणी शोधनिबंध मागत नाही.

पुढची जाहिरात येईल तेव्हा अर्ज जरूर करा. शुल्क तेवढं परत मिळत नाही.