पंखवाल्या दोघी

अहो वहिनी, तो पाइप जरा बंद करा आणि या इकडे कुंपणापाशी. हे ओरडून सांगण्यासारखं नाही. काल संध्याकाळी कोपऱ्यावरचे आजोबा आणि समोरच्या मास्तरीणबाई यांचं चांगलंच वाजलं. हो, भर रस्त्यात! इथली माणसं भांडतानाही हसतात, त्यामुळे आधी मला वाटलं, हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. मग आजोबांचे लालबुंद कान दिसले आणि मी लगेच टपालपेटी उघडायला बाहेर गेले. रविवारचं कुठलं आलंय टपाल? पण निमित्त नको का?

कशावरून म्हणजे? बाईंच्या त्या ट्रेलरवरून. ड्राइव्हवेत उभा असतो बघा, पांढरा नि हिरवा, मागे दोन बाजूंना पत्र्याचे पंख. बाईंनी खिडकीत पाटी लावलीय, ‘विंटेज शास्टा’. आजोबा म्हणाले, ‘गाडी २०१५ची आहे.’ बाई म्हणाल्या, ‘मॉडेल १९६१चं आहे.’ आणि दोघंही खरंच बोलत होते हो, म्हणूनच मिटेना.

आमचे हे रोज एल्कहार्टला जातात ना, ट्रेलरच्याच कारखान्यात. त्यामुळे या डब्यांची कुंडली मला पाठ आहे. तुम्ही नवीन आहात इंडियानात, थोड्या दिवसांत तुम्हालाही कळेल. या पट्ट्यात जो तो एकतर ट्रेलर बांधतो, नाहीतर बांधणाऱ्याला जेवायला घालतो. तर शास्टा मुळातली कॅलिफोर्नियाची. १९४१ साली सुरू झाली, लष्करातल्या लोकांना राहायला चाकांवरची घरं हवी होती म्हणून. युद्ध संपल्यावर तेच डबे सुट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी उचलले. बसका, फुगीर आकार आणि मागे ते विमानासारखे पंख. पंखांचा उपयोग? शून्य. पण त्या काळात अमेरिकेत मोटारींनासुद्धा पंख फुटले होते, ट्रेलरनं काय पाप केलं होतं?

पुढे ते नाव विकत विकत आमच्या या एल्कहार्टकडच्या मोठ्या कंपनीकडे आलं, फॉरेस्ट रिव्हरकडे. त्यांनी २०१५ साली १९६१चं एअरफ्लाइट मॉडेल पुन्हा काढलं. किती नग काढायचे ठरवले माहितीये? १९४१. स्थापनेचं साल ना ते! म्हणजे नव्या वस्तूला जन्मतःच जुनेपणाचं तीट लावलं. धंद्याचं डोकं बघा.

आता मला विचाराल, तर नवी ती नवी. गोंडस आहे, मी आत जाऊन आलेय, सगळं कसं नेटकं. पण विंटेज नव्हे. वय काही दुकानात मिळत नाही. एवढ्यापुरती मी आजोबांच्या बाजूची.

पण आजोबा तिला ‘खोटी’ म्हणाले, ते मला नाही पटलं. कारण त्यांची स्वतःची १९६१ची शास्टा कशी उभी राहिली, ते मी पाहिलंय. तुम्ही यायच्या आधी दोन उन्हाळे त्यांच्या अंगणात करवत चालू होती. या जुन्या डब्यांचा वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, पण आतला सांगाडा लाकडी. छताच्या सांध्यातून, खिडकीच्या कडेनं पाणी झिरपत राहतं आणि बाहेरून काही कळत नाही. पत्रा सोलला की आत नुसता भुसा. मग करायचं काय, तर कुजलेली फळी जेवढी शाबूत असेल तेवढी नव्या फळीवर ठेवायची, पेन्सिलीनं तिचा आकार उतरवायचा आणि कापायची. अशा सगळ्या फळ्या बदलल्या त्यांनी. प्लायवूड नवं, वायरिंग नवं, आस नवा, चाकं नवी, गाद्या नव्या. मूळचं राहिलं काय? बाहेरचा पत्रा, गॅसची शेगडी आणि नंबर कोरलेलं ते पुढचं लोखंड.

तरी ती १९६१चीच, बरं का. आपल्याकडे पैठणीचं अंग विरलं की पदर नि काठ उतरवून नव्या कापडाला लावतात आणि ती सासूबाईंचीच पैठणी म्हणून आपण मिरवतो. चूक काहीच नाही त्यात. आणि येवल्याहून त्याच नक्षीची नवी विणून आणली, तर तिलाही कोणी खोटी म्हणत नाही. फक्त ती सासूबाईंची म्हणून सांगायची नाही.

ह्यांचं म्हणणं, एवढा वाद घालायचाच कशाला, वाकून नंबर बघावा. १९८१पासून इथल्या गाड्यांना सतरा आकडी-अक्षरी नंबर असतो. १९६१च्या डब्यावर तसा असणारच नाही, छोटासा जुन्या पद्धतीचा क्रमांक असतो. त्यामुळे नवा डबा जुना म्हणून खपवायचा, तर तिथंच पकडला जातो. आणि बाईंनी कुठं लपवलंय? विचारलं की सरळ सांगतात. पाटीच तेवढी नडली.

एअरस्ट्रीमचं बघा ना. ते चंदेरी, रिव्हेट मारलेले ट्रेलर हो, ओहायोत जॅक्सन सेंटरला बनतात ते. १९३६चा क्लिपर आणि आजचा ट्रेलर शेजारी ठेवा, लांबून आजी नि नात दिसतील. पण नव्या एअरस्ट्रीमला कोणी नक्कल म्हणत नाही आणि विकत घेणाराही तिला विंटेज म्हणत नाही. आणि गंमत सांगू? तो क्लिपरसुद्धा पहिला नव्हेच. त्याच्या आधी, १९३४ साली, हॉली बोलस नावाच्या गृहस्थांनी तसाच ॲल्युमिनियमचा ट्रेलर काढला होता. हा माणूस विमानं बांधणारा. लिंडबर्गनं ज्या विमानातून एकट्यानं अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख याचीच. ट्रेलरचा धंदा मात्र बुडाला. एअरस्ट्रीमवाला वॉली बायम त्याच्याच पठडीत पुढे गेला आणि एअरस्ट्रीमचं नाव झालं. आता बोलसच्या नावानं पुन्हा तसे ट्रेलर बनतात. किंमत ऐकाल तर हातातला पाइप सुटेल. एका डब्यात आमच्या गल्लीतलं एखादं घर येईल.

काय म्हणालात? नियम काय सांगतो? तीच तर खरी मजा आहे. इंडियानात मोटारीला ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट हवी, तर ती पंचवीस वर्षांची लागते. म्हणजे तोच हिशेब लावला तर बाईंनी २०४०पर्यंत धीर धरायचा. इंग्रज त्याहून कडक. त्यांचा व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब आहे, १९३४चा. तिथं विंटेज म्हणजे १९३० संपायच्या आत बांधलेली. तो काटा लावला तर आजोबांची १९६१ची म्हणजे दुधाचे दात न पडलेलं पोर! आपल्याकडे २०२१पासून केंद्राचा नियम झालाय. माझ्या भाच्यानं पुण्यात त्याच्या आजोबांची गाडी त्यात नोंदवली, म्हणून माहीत. पन्नास वर्षं पूर्ण हवीत, वर चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. आणि मग ती रोज भाजी आणायला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच.

पण मास्तरीणबाईंचं दुखणं निराळंच आहे, ते ऐका. इथल्या बऱ्याच खासगी कॅम्पग्राउंडवर दहा वर्षांचा नियम असतो. दहा वर्षांहून जुना ट्रेलर असेल तर आत घेत नाहीत, मोडकेतोडके डबे येऊन ठाण मांडतात म्हणून. आता २०१५ची गाडी, मोजा! परवा त्यांनी एका ठिकाणी फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, तुमची फार जुनी आहे.’ आणि त्याच आठवड्यात कोपऱ्यावर आजोबा म्हणतात, ‘तुमची फार नवी आहे.’ आजोबांना मात्र तिथं प्रवेश! जुन्या डागडुजी केलेल्या डब्यांचा फोटो पाठवला की काही ठिकाणी खुशाल घेतात. म्हणूनच ती पाटी लागली असणार, मला तर आत्ता उलगडतंय. मिरवायला नव्हे हो, दारातून आत जायला.

आता दोघंही मे महिन्यात मिशिगनला जाणार आहेत. मिलफर्डजवळ कॅम्प डिअरबॉर्न आहे, तिथं टिन कॅन टूरिस्ट्स मंडळींचा मेळावा भरतो. १९१९ साली फ्लोरिडात टॅम्पाला जमलेली ही मंडळी. ओळख पटावी म्हणून मोटारीच्या रेडिएटरच्या टोपीवर पत्र्याचा डबा डकवून फिरायची. मधे सगळं थंडावलं होतं, १९९८ साली नव्यानं सुरू केलं. म्हणजे मंडळ म्हणाल तर तेही पुन्हा काढलेलंच! हे मी काल आजोबांना सुनावणार होते, पण टपालपेटीपाशी किती वेळ उभी राहणार?

एक शेवटचं सांगते, कान इकडे करा. आजोबांच्या डब्यावरचे ते पंख आहेत ना, ज्यांच्यावर ते रविवारी पॉलिश घासतात, ते मूळचे नाहीत. त्यांना डबा मिळाला तेव्हा पंख कधीच गळाले होते. नवे करून मिळतात, ते मागवलेत. गेल्या ऑक्टोबरात ह्यांनीच शिडी धरली बसवताना. म्हणजे बाईंच्या पंखांपेक्षा यांचे पंख धाकटे! पण वहिनी, बाईंच्या कानावर यातलं काही घालू नका. निदान मेळाव्याहून परत येईपर्यंत तरी नको, जाताना त्यांना आजोबांच्याच मागोमाग जायचंय.