एच-इंडेक्स वाढवा: नवशिक्यांसाठी, मुक्काम परभणी

आधी जनावर निवडा. इम्युनॉलॉजीत शिरणारा पहिली चूक इथेच करतो. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाऊल टाकलं की समोर म्हैस उभी असते, आणि भोळा माणूस लगेच घटसर्पाच्या लसीवर काम काढतो. काढू नका. घटसर्पावर लिहिणारे जगात मूठभर, म्हणजे तुमचा पेपर साइट करणारे, त्याचा संदर्भ देणारेही मूठभर. उंदीर घ्या, आणि त्याला कॅन्सर असेल तर सोन्याहून पिवळं. त्या गल्लीत इतकी गर्दी असते की नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार सायटेशन अंगाला चिकटतात.

गोठ्याच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. 2022 मध्ये गुरांचा लंपी आजार आला तेव्हा गायी-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली. एका विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती त्याच्या चुलतभावालाही ओळखते, हे इम्युनॉलॉजीचं मूळ सूत्र जिंतूर-सेलूकडच्या दावणीला येऊन पोचलं. लाल कंधारी बैलाच्या मालकाने त्यासाठी कुणालाही साइट केलं नाही. हेच सूत्र गायीच्या देवीवरून एडवर्ड जेन्नरने मांडलं, रॉयल सोसायटीकडे त्याची डाळ शिजली नाही, तेव्हा 1798 मध्ये पदरच्या पैशाने पुस्तक छापलं. आजच्या प्रमोशनच्या फॉर्मात याला स्वयंप्रकाशित म्हणतात. गुण शून्य.

आता गणित. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवलेला एच-इंडेक्स असा काढतात: आपले पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडा आणि वरून मोजत या. सातव्या पेपरला किमान सात सायटेशन आहेत, आठव्याला आठ नाहीत, तर तुम्ही सात. पहिल्याला सातशे असली तरी सातच. म्हणून एकच थोर पेपर लिहिण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचे पाच तुकडे करावेत. या आकड्याचा खरा मोठेपणा असा की तो सहसा उतरत नाही. काम बंद केलं तरी महागाई भत्त्यासारखा चढत राहतो.

शोध लावण्यापेक्षा पद्धत शोधा. ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांनी 1951 मध्ये प्रोटीन मोजायची एक रीत छापली. तिची सायटेशन तीन लाखांच्या वर गेली आहेत. प्रोटीन रोज प्रत्येकालाच मोजावं लागतं, नवा विचार एवढ्यांदा लागत नाही.

नियतकालिकाकडे वळू. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या. युजीन गारफिल्डने तो नियतकालिकांसाठी काढला होता. ग्रंथपालांना वर्गणी कुठे भरावी हे त्यावरून ठरवता येई. आपण त्यावरून माणसं ठरवतो. कृषी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठांत मात्र याहून मोठं दैवत आहे: राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमी नियतकालिकांना देते ते नास रेटिंग. पेपर पाठवण्याआधी यादी बघा, छापून आल्यावर पुन्हा बघा, मधल्या काळात रेटिंग घसरलं तर गाईडला सांगू नका. पहाटे मेलवर ‘आदरणीय प्राध्यापक’ म्हणून साद घालणारी, तीन दिवसांत छापणारी नियतकालिकं प्रेमळ असतात. फी डॉलरमध्ये असते.

सहलेखक जपून निवडा. विभागप्रमुखांचं नाव विसरणं हा तांत्रिक दोष नव्हे, आत्मघात आहे. जर्मनीतला कुणी मिळाला तर सोडू नका. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे निदान एका पेपरात तरी शेजारी छापून येईल. कुणीच नाही मिळालं तर पॉली मॅटझिंगर आठवा. या इम्युनॉलॉजिस्ट बाईंनी 1978 मध्ये आपल्या अफगाण हाउंड कुत्रीला सहलेखिका केलं, तेही जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिनसारख्या तालेवार ठिकाणी. पुढे 2024 मध्ये दोघा संशोधकांनी लॅरी नावाच्या बोक्याच्या नावावर बनावट पेपर चढवून गूगल स्कॉलरवर त्याला भरघोस सायटेशन मिळवून दिली. व्यवस्था किती पोकळ आहे ते त्यांना दाखवायचं होतं. नवशिक्यांनी त्यातून फक्त कृती शिकावी.

शेवटी, परभणीत काय करू नये याचा नमुना. इथल्याच कृषी विद्यापीठातल्या जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीच्या रानटी भाऊबंदाशी पुसा सावनीचा संकर करून यलो व्हेन मोझॅकला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ काढली आणि 1986 मध्ये हॉर्टसायन्समध्ये जेमतेम दोन पानांत सांगून टाकली. दोन पानं! मालिका नाही, भाग पहिला-भाग दुसरा नाही. वाण देशभर पेरलं गेलं. बियाण्याची पिशवी फोडणारा खाली तळटीप देत नाही, आणि बाजारात भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या बाईला संशोधकांचा ऑर्किड क्रमांक नसतो.

तुमच्या हातून असं काही घडलंच तर फॉर्मात त्याला वेगळा रकाना शोधत बसू नका. ‘इतर’ खाली लिहा, पुरावा म्हणून पिशवीची झेरॉक्स जोडा, सही निळ्या शाईने करा. तीन प्रती.