अल्प खर्चात धडधड: पिकअपधारकांसाठी मार्गदर्शन

ज्यांच्या गाडीचे हप्ते फिटलेले नाहीत, तरीही गाणं कानापेक्षा छातीला ऐकू यावं अशी ज्यांची इच्छा आहे, अशा उटनूर व पंचक्रोशीतल्या समस्त पिकअपधारकांसाठी ही नियमावली आहे. या विषयातला प्रस्तुत लेखकाचा अधिकार एवढाच, की त्याचा भाचा पिकअप चालवतो आणि वूफरचे निम्मे पैसे लेखकाच्या खिशातून गेलेले आहेत. ते परत येण्याचं लक्षण नाही.

नियम १. आधी गाडी मोजा.
सिंगल केबिनमध्ये सीटच्या पाठीमागे जे काही असतं त्याला जागा म्हणणं हा त्याचा गौरव आहे. तिथे जॅक, पाना, ताडपत्रीची दोरी आणि मागच्या पोळ्यापासूनची एकच चप्पल असते. टेपने मोजा. भाच्याने वितीने मोजलं. पहिली पेटी आणली ती आत बसली, पण मग ड्रायव्हर बसेना.

नियम २. इंचाच्या नादी लागू नका.
केबिन लहान आणि बंद असते, आणि अशा जागेत खालचे सूर आपोआप फुगतात. म्हणून आठ किंवा दहा इंची वूफर, पातळ पेटीत उभा, पुरून उरतो. हे मी भाच्याला अर्धा तास समजावलं. तो म्हणाला, "मामा, दहा इंची तं जैनूरच्या पोट्ट्याकडे बी हाय." इथे विज्ञान संपतं.

नियम ३. डब्यावरचा आकडा वाचू नका, फ्यूज वाचा.
हा नियम पाठ करा, बाकीचे विसरलात तरी चालेल. ॲम्पच्या खोक्यावर सोनेरी अक्षरात १२०० वॅट लिहिलेलं असतं. ॲम्प उलटा करा. मागे १५ अँपिअरचा एकच फ्यूज दिसेल. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. १५ गुणिले १४, म्हणजे २१० वॅट. आत जातात २१०, तर बाहेर १२०० कुठून येणार? घरखर्चाला लागू असलेला नियम विजेलाही लागू आहे. वूफर आणि ॲम्प दोघांचा आरएमएस, म्हणजे सतत पेलणाऱ्या ताकदीचा, आकडा विचारा आणि तो जवळपास जुळवा. खोक्यावरचा पीएमपीओ हा आकडा नसून कविकल्पना आहे. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटायला जवळजवळ दहापट वॅट लागतात. म्हणजे ३०० ऐवजी ४०० चा ॲम्प घेणाऱ्याने ते जास्तीचे पैसे सरळ मामाला द्यावेत.

हे सगळं मी आदिलाबादच्या एका दुकानात उभं राहून बोललो. दुकानदाराने शांतपणे ऐकलं, स्वतःचं गाणं लावलं, काचा थरथरल्या, आणि भाच्याने माझ्याकडे हात पसरला.

नियम ४. तारेत काटकसर नको.
स्वस्त तार वरून तांब्याची आणि आतून ॲल्युमिनियमची असते. ब्लेडने खरवडा; पांढरी निघाली तर आणखी जाड घ्या, नाहीतर अस्सल तांबं घ्या. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. या बाबतीत मी चेष्टा करत नाही. तार पत्र्याला घासून गाडी पेटायला गाणं संपेपर्यंतसुद्धा वेळ लागत नाही.

नियम ५. अर्थिंगची तार रंगाला नव्हे, पत्र्याला जोडा. रंग खरवडा. भाचा रडेल. रडू द्या.

नियम ६. पेटीत कापूस भरा.
बंद पेटीत मोकळा, पिंजलेला कापूस भरला, की आतली हवा संथ होते आणि लहान पेटी मोठीसारखी वाजते. परदेशातले लोक यासाठी उशीतला कृत्रिम धागा विकत घेतात. आपण कापसाच्या मुलखात राहतो. बाजारात भाव मिळत नाही, निदान बेस तरी मिळावा. मात्र सरकी काढलेलाच घ्यावा. भाच्याने गाडीत सांडलेला सरकीसकट कोंबला. आठवड्याभरात तारेच्या भोकातून उंदीर आत गेला, आणि भाचा दोन दिवस म्हणत होता की वूफरला नवा सूर लागलाय.

नियम ७. ॲम्पवरचं गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे.
ते पूर्ण फिरवलं की वूफर फाटतो. लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे गायिकेचा आवाज वूफरमधून येणार नाही. नंबर प्लेटमागे फोमचा तुकडा लावा. निम्मा बेस तीच वाजवत असते.

नियम ८. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. हा कायदा आहे, आणि आमच्या गल्लीत कायद्याच्या आधी बायको आहे.

नियम ९. पौष अमावस्येला केसलापूरला नागोबाच्या जत्रेला जाल, तर वूफर इंद्रवेल्लीतच बंद करा. लाजेखातर. तिथे ढोल आणि सनईसारखे पेपरे वाजू लागले, तेव्हा भाचा दहा मिनिटं खिशात हात घालून गप्प उभा होता. मग हळूच म्हणाला, "मामा, याच्यात ॲम्प कोठं हाय?"

नियम १०. बेसचं वेगळं बटण असलेलाच ॲम्प घ्या.
लांब तारेला लावलेलं हे छोटं बटण असतं. त्याने गाण्याचा आवाज तसाच ठेवून नुसती धडधड कमीजास्त करता येते. मी ते फालतू खर्च म्हणून खोडलं होतं. भाच्याने माझ्या चोरून घेतलं. मग एकदा माझ्या आईला आदिलाबादला डॉक्टरकडे न्यायचं होतं. तिच्या पाठीचं दुखणं जुनं आहे. ती सीटला टेकली, पाठीमागे पेटी. पहिल्या ठोक्याला म्हणाली, "काय भूत बसवलं रे गाडीत?" मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "गाणं बंद कर. ते मागचं राहू दे. पाठीले बरं वाटते."

गाणं बंद केलं की धडधडही जाते, हे तिला समजावण्यात गुडीहतनूर आलं. शेवटी भाच्याने गाणं अगदी बारीक केलं, बेस वाढवला आणि ते बटण तिच्या हातात दिलं. तेव्हापासून ते तिच्याकडेच असतं. खड्डा आला की ती स्वतःच फिरवते.